बीटा, बेटा आणि फायनल-फायनल

या वेळी तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे. उरलेल्या दोघांनी राग मानू नये.

प्रश्न : काकू, नमस्कार. भंवरकुआंजवळ आमचं सात जणांचं ऑफिस आहे. आम्ही टिफिन सेंटरांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर बनवतो. कुणाचे किती डबे गेले, कुणी रविवारचा बंद ठेवला, महिन्याअखेर किती झाले, असं. सध्या बारा सेंटरवाले ते वापरून पाहून राहिले आहेत. आमचा घोळ नावांचा आहे. फोल्डरमध्ये 'फायनल', 'नवीन फायनल', 'फायनल-फायनल' आणि 'फायनल सोमवारचं' असे चार जण आहेत. मी म्हटलं, सगळे अल्फा, बीटा, आरसी म्हणतात तसं आपणही म्हणू. एक सहकारी म्हणतो, आपण इंदूरचे, आपण कचोरी, पोहे, जलेबी म्हणू. त्यात एका सेंटरच्या चाचाजींना 'हे बीटा व्हर्शन आहे' असं सांगितलं तर ते म्हणाले, "बेटा है तो ठीक है, पर कमाने कब लगेगा?" या पायऱ्यांत नेमका फरक काय, आणि आमच्यासारख्यांनी नावं काय ठेवावी?
— स., इंदूर

उत्तर : आधी एक काम कर. त्या चार फायनलपैकी कुठलं कुठल्या सेंटरला गेलंय ते एका वहीत लिहून काढ. आजच. आठवत नसेल तर फोन करून विचार. उरलेलं उत्तर त्यानंतर वाचलंस तरी चालेल. (तुझं 'पाहून राहिले आहेत' मी तसंच ठेवलंय. संपादकांनी पुण्याकडचं करून टाकू नये, ही विनंती.)

एवढी घाई का करते, ते सांगते. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होते तिथे नमकीनच्या दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनायचं. बीटाच्या प्रतींना आम्ही नंबर द्यायचो : बीटा १, बीटा २, असं करत बीटा ९. त्या नवव्या प्रतीत वजनाच्या रकान्यात एक घोडचूक होती. कुणीतरी किलोचा आकडा पूर्णांकात बदलून घेतला होता. व्हिज्युअल बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची रीत अशी, की बरोब्बर अर्धा आला की ते जवळच्या सम आकड्याकडे ढकलतं. म्हणजे पाव किलोचे झाले शून्य, अर्ध्या किलोचेही शून्य, आणि दीड किलोचे दोन. चूक सापडली, सुधारली, बीटा १० तयार झालं, सगळे खूश.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आमच्यातला एक मुलगा दुकानात नवी प्रत टाकायला गेला. मशीन विंडोज ९८ चं. त्यानं नावानुसार लावलेल्या यादीतली सगळ्यात खालची प्रत उचलली. नावानुसार लावली की 'बीटा १०' येतं 'बीटा १' च्या खाली आणि 'बीटा २' च्या वर, आणि तळाशी असतं 'बीटा ९'. मुलाचं काय चुकलं? काहीच नाही. संध्याकाळी दुकानात ही गर्दी, आणि अर्धा किलो लौंग सेव घेणाऱ्या पहिल्या गिऱ्हाइकाच्या हातात शून्य रुपयांचं बिल. त्यानं ते नीट घडी घालून खिशात ठेवलं आणि तो गेला. दहा मिनिटांनी भावाला घेऊन परत आला. आम्हाला फोन आला तेव्हा दीड किलोवाली एक बाई काउंटरवर भांडत होती, आणि ती अगदी बरोबर होती. मी पर्समध्ये सीडी टाकून, राजवाड्याच्या गर्दीतून लूना ढकलत तिथे पोचले. त्या दिवसापासून नावांच्या बाबतीत मी जरा चिडखोरच आहे.

आता पायऱ्या. मला त्या नाटकावरून समजतात, कारण आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवात मी बारा वर्षं प्रॉम्प्टिंग केलंय.

अल्फा म्हणजे हातात संहिता धरून केलेली तालीम. तिसरा अंक अजून लिहून व्हायचाय, मामाचं पात्र ठेवायचं की कापायचं यावर वाद चाललाय, दाराऐवजी दोन खुर्च्या. बघायला फक्त घरचे. तुमच्याकडे डब्यांची नोंद होते पण बिल अजून निघत नाही, ती प्रत अल्फा. ती ऑफिसबाहेर जात नाही. गेलीच तर अशा माणसाकडे, जो चहा पिऊन हसत चुका सांगेल आणि बाहेर बोलणार नाही.

बीटा म्हणजे तिन्ही अंक उभे आहेत, संहिता पाठ आहे (असावी), आणि बाहेरची चार माणसं समोर बसवली आहेत. इथे नवीन पात्र आत घ्यायचं नाही. हीच खरी रेघ आहे आणि नेमकी तीच सगळे ओलांडतात. एखादा सेंटरवाला म्हणाला, 'दही-पराठ्याचं वेगळं खातं हवं', तर बीटात त्याला 'पुढच्या खेपेला' म्हणता आलं पाहिजे. ते म्हणता येत नसेल, तर तुमचं अजून अल्फाच चाललंय. कागदावर नाव काहीही असो.

आरसी, म्हणजे रिलीज कँडिडेट, ही रंगीत तालीम. कपडे, मेकअप, दिवे, पडदा सगळं खरं, फक्त तिकीट नाही. आता संवादसुद्धा बदलायचे नाहीत. प्रयोग बंद पडेल असं काही निघालं तरच हात लावायचा. आमच्या एका नाटकात नायक शेरवानीच्या खिशातून पत्र काढतो आणि पुढचं सगळं त्या पत्रावर. महिनाभर तालमी झाल्या, पत्र झकास निघायचं, कारण तालमीला तो शर्टात यायचा. रंगीत तालमीला भाड्याची शेरवानी आली. तिच्या खिशाला तोंडच नव्हतं, नुसती शिलाई दाखवायला मारलेली. हात खिशाशी फिरतोय, पत्र नाही, आणि मी विंगेतून तेच वाक्य तिसऱ्यांदा सांगतेय! ही चूक महिनाभराच्या तालमींत सापडली असती का? आरसी असते ती यासाठी. तुमच्या बाबतीत शेरवानी म्हणजे चाचाजींचा जुना फोन, त्यांचं रेंज नसलेलं तळघर आणि महिन्याची ३१ तारीख.

शेरवानी उसवून खिसा केला की पुन्हा एकदा पूर्ण रंगीत तालीम. तीच आरसी २. आणि ज्या आरसीत काही निघालं नाही, तीच प्रत, एक अक्षरही न बदलता, लोकांना द्यायची. 'फक्त रंग जरा बदलून' नाही, तीच. लिनक्स या संगणकप्रणालीचा गाभाही अशा आरसींतूनच निघतो : नवीन गोष्टी आत घ्यायला दोन आठवडे, मग दार बंद आणि आरसी १, पुढे साधारण दर आठवड्याला एक. बहुतेक वेळा आरसी ७ पर्यंत जातात, कधी ८. त्यानंतर खरी आवृत्ती. जगातली एवढी मोठी मंडळी आठ-आठ रंगीत तालमी करतात, तर आपल्याला दोन करायला जड जाऊ नये.

सीडी छापायच्या काळात यापुढे आणखी एक पायरी होती, गोल्ड मास्टर. जिच्यावरून हजारो तबकड्या निघणार ती मूळ प्रत. विंडोज एक्सपी २४ ऑगस्ट २००१ ला अशी कारखान्याकडे गेली आणि दुकानात आली २५ ऑक्टोबरला. मधल्या दोन महिन्यांत चूक सापडली तरी छापलेली तबकडी कुणी परत बोलावत नसे. तुम्हाला ही पायरी नकोच. दुपारी सापडलेली चूक तुम्ही रात्री दुरुस्त करून पाठवू शकता. आमच्या पिढीला याचा हेवाही वाटतो आणि धास्तीही, कारण 'रात्री पाठवू' म्हटलं की दुपारी कुणी नीट बघत नाही.

हे ग्रीक कुठून आलं? धागा जातो आयबीएम या संगणक कंपनीकडे. तिथे यंत्र जाहीर करण्याआधीच्या तपासणीला 'ए' टेस्ट आणि कारखान्यात बनवायला देण्याआधीच्या तपासणीला 'बी' टेस्ट म्हणत. म्हणजे प्रत्येक अक्षर एका दाराशी बांधलेलं होतं : हे पार केलं तरच बाहेर बोलायचं, ते पार केलं तरच बनवायला घ्यायचं. पुढे ए-बी चे अल्फा-बीटा झाले, अक्षरं राहिली आणि दारं निखळली. तुम्ही नावं कुठलीही घ्या, पण प्रत्येक नावाला एक दार हवं. 'बीटा म्हणजे नवीन पात्र बंद', 'आरसी म्हणजे संवाद बंद', असं एकेक वाक्य भिंतीवर लावून ठेव.

आता नावांची रांग, म्हणजे माझं दुखणं. रोमन अक्षरांत अल्फा, बीटा, आरसी हे नशिबानं ए, बी, आर असे क्रमानं लागतात. तुम्ही मराठीत लिहायला गेलात तर फसाल : अल्फा, आरसी, बीटा! 'आ' हा 'ब' च्या आधी, त्यामुळे रंगीत तालीम दुसऱ्या अंकाच्या आधी येऊन बसते. आकड्यांचंही तसंच. एक्सपीपासून विंडोजचं फोल्डर आकडे ओळखून लावतं, पण तुमच्या स्क्रिप्टला (म्हणजे प्रती हलवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला) ते कळेलच असं नाही. सिमँटिक व्हर्जनिंग ही नियमावली बरेच जण पाळतात. तिच्यात बीटा आणि आकडा यांच्यामध्ये टिंब दिलं तरच आकडा आकडा म्हणून मोजतात. टिंब विसरलात की पुन्हा अकरावी प्रत दुसरीच्या आधी. एका टिंबावर माझी धनत्रयोदशी गेली असती किंवा वाचली असती. आणखी एक गंमत : साध्या यादीत नुसतं '१.०' हे '१.०-बीटा' च्या वर येतं, म्हणजे बीटा पक्क्या आवृत्तीच्या नंतरचं ठरतं. डेबियन ही लिनक्सवरचीच एक प्रणाली. तिच्या लोकांनी यासाठी तरंगाच्या चिन्हाला विशेष मान दिला आहे. '१.०~बीटा' लिहिलं की ते नुसत्या '१.०' च्या आधीचं मानलं जातं.

कचोरी, पोहे, जलेबीबद्दल. मला नावं आवडली, भूकही लागली. पण रांगेत लाव : कचोरी, जलेबी, पोहे. जलेबी आधी आणि पोहे नंतर, असं इंदुरात कुणी खातं का? आणि नवीन आलेल्या मुलीला पोहे म्हणजे 'नवीन पात्र बंद' हे कळणार कसं? गमतीची नावं आवृत्तीला ठेवा, पायरीला नाही. उबुंटू या लिनक्सवरच्याच प्रणालीचे लोक आवृत्तीला प्राण्यांची नावं देतात आणि त्यांच्या बीटाला बीटाच म्हणतात. तुमची पहिली आवृत्ती कचोरी असू दे. तिचीही अल्फा, बीटा, आरसी होईलच.

मराठीच हवी असतील तर माझ्याकडून ही चार घे : कच्ची, तालीम, रंगीत, शुभारंभ. क, त, र, श. वर्णमालेतही याच क्रमानं लागतात, मी दोनदा तपासलंय. प्रत्येक नावापुढे दोन आकडी नंबर, 'तालीम-०९', 'तालीम-१०', आणि तारीख. 'फायनल' हा शब्द फोल्डरमध्ये बंद. जी शेवटची म्हणून निघते ती शेवटची नसते, हे तुमच्याच चौघांनी दाखवून दिलंय.

राहिले चाचाजी. त्यांच्याशी बोलताना यातलं एकही नाव वापरू नकोस, माझी मराठी नावंसुद्धा नाही. त्यांना फक्त एकच गोष्ट कळायला हवी : वही चालू ठेवायची की बंद करायची. बीटा असेल तर पडद्यावर वरच लिहा, 'अभी जाँच चल रही है, कॉपी में भी लिखते रहिए'. आरसी असेल तर एक महिनाअखेर दोन्हीकडे जुळवून बघा. जुळलं की वही बंद. त्या दिवशी बेटा कमवायला लागला. आणि हे फार लांबवू नका. जीमेल १ एप्रिल २००४ ला आलं आणि नावाखालचं 'बीटा' निघालं ७ जुलै २००९ ला. सव्वापाच वर्षं! तोवर कोट्यवधी लोकांचा सगळा पत्रव्यवहार त्यात जाऊन बसला होता. आपल्याकडे बारशाआधी मूल नुसतं 'बाळ' असतं, आणि काही घरांत साठीच्या गृहस्थालाही बाळच म्हणतात, ते वेगळं. पण तो गृहस्थ 'मी अजून बाळ आहे' म्हणून उधारी बुडवायला लागला तर कोण ऐकेल? चुका झाल्या की 'बीटा आहे ना' आणि पैसे घेताना पूर्ण दर, हे दोन्ही एकदम चालवू नका.

प्रश्न : माझं वय ७१. फोनवर 'बीटा कार्यक्रमात सामील व्हा' असा निरोप सारखा येतो. नातू म्हणतो, व्हा, सगळ्यांच्या आधी नवीन मिळतं. व्हावं का?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : ज्या फोनवर तुमची बँक, पेन्शनचे निरोप आणि डॉक्टरांचे नंबर आहेत, त्यावर नको. यात दोन प्रकार असतात. एकाच ॲपचा बीटा असेल तर फार बिघडत नाही. कार्यक्रमातून बाहेर पडून, ॲप काढून पुन्हा टाकता येतं. पण फोनच्या मूळ प्रणालीचा, म्हणजे अँड्रॉइडचाच बीटा घेतला आणि पक्की आवृत्ती यायच्या आधी मन बदललं, तर परत जाताना फोन पूर्ण पुसला जातो. फोटोंसकट. नातवाला म्हणावं, तुझ्या फोनवर घे आणि मला दाखव.

आणि तो घेईल तेव्हा त्याला हेही सांगा, की बीटा फुकट पुढची रांग नसते. काही अडलं तर 'चालत नाही' एवढंच न लिहिता, कुठलं बटण दाबलं, आधी काय दिसत होतं आणि नंतर काय दिसलं, हे कळवायचं असतं. हे कळवायचा कंटाळा असेल तर त्यानंही घेऊ नये.

प्रश्न : ताई, मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या प्रोजेक्टच्या गटात प्रत्येक बिल्डला (म्हणजे सॉफ्टवेअरच्या तयार झालेल्या प्रतीला) कुणाचं तरी नाव ठेवायची टूम निघाली आहे. मागच्या बिल्डला आमच्या एका सरांचं नाव होतं, कारण ते सुरू व्हायला फार वेळ लागायचा. यात काही धोका आहे का? शिवाय 'कॅनरी' हे काय प्रकरण आहे?
— अ., लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : कॅनरी आधी उरकते. कोळशाच्या खाणीत कार्बन मोनॉक्साइड साठला तर माणसाला वास येत नाही. म्हणून खाणकामगार पिंजऱ्यात कॅनरी पक्षी नेत. तो आधी कोसळला की सगळे बाहेर पळत. ब्रिटनमध्ये ही प्रथा १९८६ पर्यंत होती. क्रोम ब्राउझरची जी प्रत रोजच्या रोज, फारशी न तपासता निघते तिला म्हणून कॅनरी म्हणतात. तीच युक्ती दुसरीकडेही : नवी आवृत्ती आधी शंभरातल्या एक-दोघांनाच द्यायची, ते पडले नाहीत तर बाकीच्यांना. त्या एक-दोघांना आपण पक्षी आहोत हे कळवण्याची पद्धत मात्र फारशी दिसत नाही.

आता सरांचं. धोका आहे. ॲपलमध्ये १९९३ च्या सुमारास एका संगणकाला आतल्या आत 'कार्ल सेगन' हे टोपणनाव होतं. खगोलशास्त्रज्ञ सेगन यांना ते छापून आलेलं कळलं, आपण त्या यंत्राची शिफारस करतोय असं लोकांना वाटेल म्हणून त्यांनी हरकत घेतली. मंडळींनी नाव बदलून 'बीएचए' केलं. त्याची फोड 'बिनडोक खगोलशास्त्रज्ञ' अशा अर्थाची होती, हे फुटलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टात सेगन हरले, पुढे तडजोड झाली. पण तोवर संगणकाचं तिसरं नाव निघालं होतं, 'लॉ', आणि त्यात वकिलांची टिंगल होती. विद्वान आणि वकील या दोघांना एकदम दुखवायचं असेल तर ही वाट धरा. नाहीतर डेबियनसारखं करा. त्यांच्या कायम अस्थिर प्रतीचं नाव 'सिड', 'टॉय स्टोरी'तला खेळणी मोडणारा मुलगा. कधीच पक्की न होणाऱ्या प्रतीला याहून चपखल नाव मला सुचलेलं नाही, आणि सिड काही कोर्टात जाणार नाही.

टोपणनाव ठेवायचंच असेल तर ते ऑफिसबाहेर जात नाही ना, हे प्रत सोडण्याआधी शोधून बघायचं. नुसतं पहिल्या पानावर नाही, चुकांच्या निरोपांतही. आमच्याकडे एका छोट्या फाइलला आम्ही लाडानं 'गबाळ्या' म्हणत असू. प्रत सोडताना ते नाव बदलायचं राहिलं. एका रात्री सियागंजमधल्या व्यापाऱ्याच्या पडद्यावर लाल चौकटीत निरोप उमटला : 'गबाळ्या सापडला नाही'. त्यांना मराठी येत होती. त्यांनी फोन करून फार काळजीनं विचारलं, कधीपासून हरवलाय, आणि कपडे कुठले घातले होते?